रोज, उक्ते आणि साल
दूरसाहाय्यकाने आपला दर कसा ठरवावा?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. रात्रीची जेवणे झाली होती. आई भांडी घासून आत आली आणि मी उंबऱ्याजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, कारण आमच्या घरात रेंज येते ती फक्त उंबऱ्यापाशी. "किती वाजेपर्यंत चालायचं हे?" आईने विचारले. मी म्हणाले, "झालंच." थोडा वेळ ती गप्प बसली आणि मग तिने दुसरा प्रश्न विचारला, "आणि ह्याचा रोज किती पडतो गं तुला?"

मला उत्तर देता आले नाही. महिन्याला पंधराशे रुपये मिळतात एवढे ठाऊक होते. रोज किती पडतो हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण कामाचा रोज समजल्यावाचून ती कोणाच्या रानात पाऊल टाकीत नाही. आणि मी तर अर्थशास्त्र घेतलेली विद्यार्थिनी! त्या रात्री वाटलेल्या लाजेतूनच हा लेख जन्माला आला आहे.

प्रथम हे काम कसले ते सांगते. 'व्हर्च्युअल असिस्टंट' हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवरील जाहिरातींत वाचला असेल. त्याला मी 'दूरसाहाय्यक' म्हणते. कोणाला शब्द जड वाटल्यास क्षमा असावी. दुसऱ्याच्या धंद्यातली किरकोळ वाटणारी पण रोजच्या रोज करावी लागणारी कामे, त्याच्या कचेरीत न जाता, आपल्या घरून करून देणारा तो दूरसाहाय्यक. (जाता जाता एक सांगते. घरबसल्या कामाच्या जाहिरातींत पुष्कळ ठिकाणी आधी आपल्याकडूनच 'नोंदणी'चे पैसे मागतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. असल्या दारातून सरळ परत फिरावे.)

हा व्यवसाय अगदी कालचा नाही. २००७ साली टिमोथी फेरिस या अमेरिकन लेखकाचे 'द फोर-अवर वर्कवीक' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपली बारीकसारीक कामे भारतातल्या साहाय्यकांवर सोपवून आपला वेळ कसा मोकळा करता येतो हे त्यात सांगितले आहे. तेव्हा ती गोष्ट अमेरिकेतल्या माणसाने बंगळूरच्या माणसाकडून काम करून घेण्याची होती. आज पुण्यातला माणूस खटाव तालुक्यातल्या मुलीकडून काम करून घेतो. अंतर कमी झाले आहे. दराचा प्रश्न मात्र तोच आहे.

काम देणारे बहुधा एकटेच धंदा करणारे असतात: घरून साड्या विकणाऱ्या ताई, शिकवणी घेणारे सर, विमा एजंट, योगवर्ग चालविणाऱ्या बाई. त्यांना पूर्ण वेळ माणूस ठेवणे परवडत नाही आणि सगळे एकट्याने करणे जमत नाही. मी ज्यांचे काम प्रथम धरले त्या मॅडम ऑनलाइन योगवर्ग घेतात. नव्या लोकांच्या चौकशीला उत्तर देणे, वर्गाची लिंक पाठविणे, फी कोणाची आली व कोणाची राहिली याची एक्सेलमध्ये नोंद ठेवणे, राहिलेल्यांना गोड शब्दांत आठवण करणे, कॅनव्हावर जाहिरातीचे चित्र तयार करून इन्स्टाग्रामवर टाकणे, एवढे माझे काम. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "तुझी अपेक्षा काय?" मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, मॅडम."

हे वाक्य आपल्या घरांतून आपण शिकून आलेलो आहोत. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, त्यांना पैशांचे बोलणे उद्धटपणाचे वाटते. कोणी काम दिले हेच उपकार. मॅडमनी पंधराशे सांगितले आणि मी आनंदाने होकार दिला. मॅडम दुष्ट नव्हत्या. या कामाला किती वेळ लागतो हे त्यांनाही माहीत नव्हते आणि मलाही नव्हते.

आईच्या प्रश्नानंतर मी एका वहीत महिनाभर वेळ टिपून ठेवला. टॉगल, क्लॉकिफाय अशी त्यासाठी ॲप्स आहेत. माझे वहीवर भागले. बसले की वेळ लिहायची, उठले की वेळ लिहायची. पाच मिनिटांचा व्हॉट्सॲप निरोपही सोडला नाही. महिनाअखेर बेरीज झाली ४८ तास. पंधराशेला ४८ ने भागले तेव्हा तासाला ३१ रुपये आले.

आमच्या गावात खुरपणीला बाईमाणसाला ३०० रुपये रोज आहे. दहाला रानात जायचे, पाचला सुटी, मध्ये भाकरीला एक तास. म्हणजे कामाचे सहा तास, तासाला ५० रुपये. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात ३१२ रुपये रोज ठरविलेला होता. आठ तास धरले तर तासाला ३९. माझा तास त्याच्याही खाली होता. आईला सांगितले तेव्हा ती हसली नाही. "एवढं शिकून खुरप्यापेक्षा कमी?" एवढेच म्हणाली आणि शेरडाला पाणी पाजायला गेली.

मग मी या विषयावर इंग्रजीतून पुष्कळ वाचले. तासाचा दर, कामाचा ठरीव दर आणि महिन्याचा बांधील दर असे तीन प्रकार सगळीकडे सांगितलेले असतात. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की हे तर आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तासाचा दर म्हणजे रोज. ठरीव दर म्हणजे उक्ते. आणि महिन्याचा बांधील दर म्हणजे साल.

रोजाने काम करण्यात तोटा नसतो. जितका वेळ तितका पैसा. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी, कारण कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे त्याला अजून कळलेले नसते. मात्र यात एक विचित्र गोष्ट आहे. हात बसला की काम लवकर उरकते आणि पैसा कमी होतो. पहिल्या महिन्यात जाहिरातीच्या एका चित्राला मला दीड तास लागे, आता पाऊण तास लागतो. तासाचा दर तोच ठेवला तर शिकण्याची शिक्षा मलाच! म्हणून हात बसलेली कामे हळूहळू उक्ती द्यावीत.

उक्ते कसे ठरवावे हे कांद्याच्या लागणीवरून शिकावे. आमच्याकडे दहा-बारा बायकांची टोळी एकरावर लागण उक्ती घेते. पण रान बघितल्याशिवाय टोळीतली म्होरकी आकडा सांगत नाही. वाफे नीट बांधलेत का, रोप शेजारीच आहे की डोक्यावरून आणायचे आहे, वीज दिवसाची की रात्रीची, गाडीभाडे कोणाचे, हे सगळे ती उभ्या उभ्या विचारते. शेतकरी म्हणतो, "एकरभरच आहे." ती म्हणते, "एकर बघू तर खरं." आपल्या धंद्यातही गिऱ्हाईक म्हणते, "थोडंसंच काम आहे." त्या थोड्याचे रान बघून घ्यावे. शंभर जणांची यादी एक्सेलमध्ये भरायची आहे, पण ती यादी छापील आहे की कोणी वहीत वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली आहे? चित्र करायचे आहे, पण मजकूर तयार आहे की तोही आपणच लिहायचा? चित्र किती वेळा बदलून मागणार? मी आता दोन दुरुस्त्या दरात धरते आणि तिसरीपासून वेगळे पैसे सांगते. हे आधी सांगितले तर कोणाला वाईट वाटत नाही, मागाहून सांगितले तर भांडण होते.

सालाची गोष्ट मात्र सावधपणे लिहावी लागेल. माझे आजोबा एका बागायतदाराकडे सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. साल ठरले की घरात वर्षाची निश्चिती यायची. आजी म्हणते की त्या दिवशी गोड व्हायचे. पण सालात काम किती हे ठरलेले नसे. पहाटे धारा, दिवसभर नांगर, रात्री पाणी, मालकाच्या घरी पाहुणे आले तर स्टेशनावर गाडी घेऊन हजर, मालकाच्या मुलाचे लग्न असले तर मांडवात. पैसा बांधलेला आणि काम मोकळे सोडलेले. मी पंधराशे रुपयांत जे पत्करले ते हेच साल होते. योगवर्गाच्या कामात हळूहळू मॅडमच्या मुलाचा प्रकल्प टंकलिखित करणे आले, रेल्वेचे आरक्षण आले, रात्री साडेदहाला "अगं, एवढं बघतेस का" आले. आजोबांच्या वेळी निदान मालक डोळ्यांसमोर तरी होता. येथे मोबाइल उशाशी घेऊन झोपावे लागते.

याचा अर्थ महिन्याचा करार वाईट असा नाही. उलट, दरमहा ठरावीक रक्कम येत असेल तरच फी भरण्याचा भरवसा धरता येतो. फक्त सालाला रोजाची वेसण घालावी. महिन्याचे तास ठरवावेत, कामे लिहून घ्यावीत, निरोप कोणत्या वेळेत पाहणार ते सांगावे आणि तास संपत आले की आधीच कळवावे.

आता प्रत्यक्ष आकडा. तो काढण्याची रीत मी माझ्याच उदाहरणाने दाखविते, म्हणजे कोणाला स्वतःचे आकडे घालून पाहता येतील.

मला वर्षाला ६०,००० रुपये हातात हवेत. त्यात खानावळ, एस.टी.चा पास, फी, पुस्तके आणि घरी पाठवायचे थोडे, हे सगळे आले. खर्चाची बाजू वेगळी. माझा जुना लॅपटॉप १८,००० चा, तो तीन वर्षे चालेल असे धरले तर महिन्याला ५०० रुपये झिजतो. इंटरनेटचे ३००, दुरुस्ती व इतर किरकोळ ३००. महिन्याचे ११००, वर्षाचे १३,२००. एकूण ७३,२०० रुपये मिळवायला हवेत.

रोज तीन तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५ तास आणि वर्षाचे ९००. तर ७३,२०० भागिले ९००, तासाला ८१ रुपये. मी पहिल्यांदा येथेच थांबले होते आणि तीच चूक होती. परीक्षेचे दोन महिने काम होत नाही, म्हणजे वर्ष दहा महिन्यांचे आणि तास ७५०. शिवाय या तासांपैकी सगळे विकले जात नाहीत. नवे गिऱ्हाईक शोधणे, त्याच्याशी बोलणे, हिशेब लिहिणे, पैसे मागणे, एखादी नवी गोष्ट शिकणे, वीज गेल्यामुळे खोळंबून बसणे, याचे पैसे कोणी देत नाही. माझ्या वहीप्रमाणे तिसरा हिस्सा वेळ असा जातो. उरले ५०० तास. ७३,२०० भागिले ५००, तासाला १४६ रुपये. मी १५० धरले.

एक्याऐंशी आणि एकशे शेहेचाळीस यांत जे अंतर आहे ते कोणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून तोट्यात गेल्याचेही कळत नाही. खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रानापर्यंत चालत जाण्याचा वेळ रोजात धरीत नाहीत, पण तिला तो वेळ पायांनी मोजता येतो. आपला वेळ बसल्या जागी जातो.

परंतु हा आकडा म्हणजे आपली खालची मर्यादा. गिऱ्हाईक आपल्या गरजेपोटी पैसे देत नाही; माझ्या खानावळीशी त्याचा काय संबंध? वरची मर्यादा त्याच्या फायद्यावरून ठरते. समजा एका वर्गात वीस जण आहेत आणि फी हजार रुपये. आठवण न केल्यामुळे पाच जणांची फी राहून जात असेल आणि माझ्यामुळे ती वेळेवर येत असेल, तर ते पाच हजार रुपये आणि मॅडमचा मोकळा झालेला वेळ ही माझ्या कामाची किंमत. या दोन मर्यादांच्या मध्ये कोठेतरी दर बसतो. शहरात अर्धवेळ मुलगी ठेवली तर तिला काय द्यावे लागेल हेही गिऱ्हाईक मनात धरतेच. मात्र त्या मुलीला बसायला जागा, संगणक आणि वीज द्यावी लागते, येथे ते सगळे आपले असते. बोलण्याच्या वेळी याची आठवण आपणच करून द्यावी लागते.

काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांविषयी थोडक्यात. तेथे परदेशी गिऱ्हाइके भेटतात आणि डॉलरमधला दर रुपयांत मोठा दिसतो. पण ऊसतोडीला जसा मुकादम, तशी ही संकेतस्थळे. फायव्हर आपल्या मिळकतीतून २० टक्के कापून घेते. पुढे चलन बदलून पैसे खात्यावर येईपर्यंत आणखी काही झडते. हाती १५० हवे असतील तर तेथे १५० सांगून चालत नाही. १५० भागिले ०.८० म्हणजे १८८ च्या आसपास सांगावे लागतात. शिवाय अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र. मी सकाळी साडेसातच्या तासाला बसते, त्यामुळे तो मार्ग मी सध्या सोडला आहे. जीएसटीची भीती काही जण घालतात; सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. आपल्याला इतक्यात ती चिंता नाही!

पैसे केव्हा घ्यावेत हेही दरातच येते. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम इसार म्हणून आधी घ्यावी. बैलाचा व्यवहारसुद्धा इसाराशिवाय पक्का होत नाही. महिन्याच्या कामाचे पैसे पाच तारखेच्या आत आणि आगाऊ. कॅनव्हा किंवा झूमची वर्गणी भरायची असेल तर ती गिऱ्हाइकाने भरावी. हे सगळे चार ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून त्यांचा होकार घेतला तरी पुरते. पुढे वाद झाला तर दाखवायला काहीतरी हाताशी असते.

हिशेब कागदावर सोपा होता. तो मॅडमना सांगणे कठीण होते. मी आठ दिवस निरोप लिहीत आणि पुसत होते. शेवटी लिहिले : "मॅडम, गेल्या महिन्यात आपल्या कामाला माझे ४८ तास लागले. त्याची नोंद सोबत पाठविते. पुढील महिन्यापासून मी २० तास २५०० रुपयांत करीन. त्यात चौकशी, फीची नोंद आणि आठवड्याला एक चित्र बसेल. त्यापुढे काम असल्यास आधी विचारून तासाला १५० प्रमाणे. निरोप दुपारी दोन ते आठ या वेळेत पाहीन." तासाला सव्वाशे हा माझ्या दीडशेपेक्षा कमी आहे हे हिशेबी वाचकाच्या ध्यानात आले असेल. महिन्याची निश्चिती मिळणार म्हणून तेवढी सूट मी जाणून दिली.

दोन दिवस उत्तर आले नाही. त्या दोन दिवसांत मी तीनदा "पंधराशे चालतील" असे लिहून पुसले. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अगं, अठ्ठेचाळीस तास? मला वाटलं दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं होत असतील." मुलाचा प्रकल्प, आरक्षण वगैरे यादीतून त्यांनी स्वतःच काढून टाकले. तेव्हापासून काम व्यवस्थित चालू आहे.

सगळीकडे असे झाले नाही. मी साड्या विकणाऱ्या एका ताईंचेही काम आठशे रुपयांत करीत होते. त्यांना नवा दर कळविला तेव्हा, "एवढ्यात मी इथेच कोणीतरी बघीन," असे म्हणून त्यांनी काम थांबविले. परीक्षेचा अर्ज भरण्याचा तोच महिना होता. त्या आठशेंची जागा भरून निघायला मला चार महिने लागले आणि तोवर अर्जाचे पैसे आईने तिच्या बचतगटातून उचलून दिले. दर वाढवायचा तर सगळ्यांना एकाच दिवशी कळवू नये, एकेकाला कळवावे, हे मी त्यातून शिकले. निदान एक बाजू उभी राहते.

पुढे समजले की ताईंचे ते काम आपल्याच महाविद्यालयातल्या एका मुलीने पाचशे रुपयांत धरले आहे. मला राग आला, मग आठवले की मीही पंधराशेला हो म्हणालेच होते. लागणीच्या टोळीतल्या बायका रानात उतरण्याआधी आपसांत आकडा ठरवितात आणि मग त्याखाली कोणी जात नाही. म्हणून दिवाळीनंतर आम्ही असले काम करणाऱ्या सहा जणी वाचनालयाच्या मागच्या कट्ट्यावर बसलो. पाचशेवाली मुलगीही आली होती. प्रत्येकीने आपापले तास आणि पैसे सांगितले. सगळ्यांत कमी तासाला १९ रुपये पडत होते. ज्या मुलीचे ते होते तिला तोवर माहीतच नव्हते. तासाला शंभराच्या खाली कोणी जायचे नाही असे ठरले.

तिसऱ्याच आठवड्यात एकीने साठला काम धरले. तिचे वडील दवाखान्यात होते. कोणी तिला काही बोलले नाही. पुढच्या बैठकीला तीही आली, वही घेऊन आली आणि त्या महिन्याचे तास तिनेच सर्वांत आधी वाचून दाखविले.